थरची गावं: पाणी, तांडे आणि मुंबईचं बंदर

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेही पडत नाही. कोकणातून राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात जाणाऱ्याने म्हणून आधी तलाव पाहावा, मग किल्ला. त्या मुलखातलं प्रत्येक जुनं गाव पाणी कुठे टिकतं ते बघून वसलं आणि उंटांच्या तांड्यांची वाट कुठून जाते त्यावर श्रीमंत झालं. वाट सरकली की गावही खाली आलं.

भाटी राजपुतांची राजधानी पूर्वी लोद्रव्याला होती, आजच्या जैसलमेरपासून पंधराएक किलोमीटरवर. ११५६ मध्ये रावळ जैसलने ती त्रिकूट टेकडीवर हलवली. सुमारे ७५ मीटर उंचीची टेकडी, पिवळा दगड, ९९ बुरुज. पण शहर जगलं ते पायथ्याच्या गडीसर तलावावर. चौदाव्या शतकात बांधलेला हा तलाव पावसाच्या पाण्याचा. ज्या उतारावरून पाणी त्यात येतं त्याला तिकडे ‘आगोर’ म्हणतात, आणि तो स्वच्छ राखण्याचे नियम कडक असत. नळ येईपर्यंत गडीसर हाच शहराचा मुख्य आधार होता.

नळ आले आणि किल्ल्याचं दुखणं सुरू झालं. टेकडीच्या दगडाखाली मातीचे, चिकणमातीचे थर आहेत. डोक्यावरून हंडे वाहून आणलेलं पाणी माणूस जपून वापरतो, तेवढ्यासाठी जुनी गटारं पुरत होती. नळाचं आणि सांडपाण्याचं पाणी मुरू लागल्यावर ते थर भिजून सैल झाले, भिंती खचल्या, काही बुरुज ढासळले. किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे आणि २०१३ पासून तो जागतिक वारसा यादीतही आहे. किल्ला दिवसभर हवा तेवढा पाहावा, मुक्काम मात्र खाली शहरात करावा. आत जितक्या मोऱ्या वाहतील तितका पाया भिजेल.

आता तांड्यांची गोष्ट, जी कोकणातल्या माणसाला जवळची वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माळव्याची अफू हा मोठ्या नफ्याचा माल होता. ती मुंबईवरूनच जावी आणि तिच्यावर आपल्याला शुल्क मिळावं, अशी ईस्ट इंडिया कंपनीची धडपड. व्यापाऱ्यांनी लांबची वाट धरली: माळव्यातून राजस्थानातलं पाली, जैसलमेर, सिंधमधून कराची, तिथून गलबतांतून पोर्तुगीजांचं दमण. वाळवंटाला वळसा घालूनही हा माल परवडत असे. जैसलमेरमधल्या पटवा व्यापाऱ्यांच्या पाच हवेल्या याच भरभराटीच्या काळातल्या. पहिलीचं काम १८०५ च्या सुमाराला सुरू झालं. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, ही वाट बुजली, आणि कंपनीने मुंबईवरून अफू नेण्याच्या परवान्याचं शुल्क वाढवलं. पुढे रेल्वे आणि आगबोटी आल्या, मुंबई फुगत गेली, उंटांचा तांडा मागे पडला. राजापूरची खाडी गाळाने भरत जाऊन तिथला व्यापार ज्या मुंबईकडे वळला, तिनेच हजारभर किलोमीटर दूरच्या या शहराचाही माल ओढून नेला. १९४७ मध्ये सीमा आखली गेल्यावर उरलीसुरली सिंधची वाटही तुटली. हवेल्या इतक्या शाबूत दिसतात त्याचं एक कारण हेच असावं: नंतर तिथे पाडून नवं बांधण्याइतका पैसाच आला नाही.

कुलधरा जैसलमेरपासून अठराएक किलोमीटरवर. पालीवाल ब्राह्मणांचं हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडलं. जैसलमेरचा दिवाण सालिम सिंह याच्या जुलमाची कथा प्रत्येक गाइड सांगतो. विहिरी आटत गेल्या, हेही कारण अभ्यासक मांडतात. भुतांच्या गोष्टींपेक्षा तिथे पाहण्यासारखी आहे ती पालीवालांची ‘खडीन’. खडकाळ उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालायचा, माणसाच्या उंचीचा किंवा दुपटीचा. शेताच्या दहा-पंधरा पट जमिनीवरचा पाऊस त्यामागे साठतो आणि मुरतो. पेरणीआधी उरलेलं पाणी मोरीतून सोडून द्यायचं, म्हणजे क्षारही वाहून जातात. मग ओलीवर गहू-हरभरा. आपल्याकडे भात कापल्यावर कुळीथ-पावटा जसा ओलीवर येतो, तसंच. सांडवा नीट नसेल तर एकाच जोरदार सरीत बांध फुटतो.

बारमेर रस्त्यावर सतराएक किलोमीटरवरचं आकल पर्यटक सोडून देतात, हे फार वाईट. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडं तिथे उघड्यावर आहेत, आणि जैसलमेरच्या चुनखडकात सागरी शिंपल्यांचे अवशेष सापडतात. या वाळवंटाच्या जागी तेव्हा किनारा होता. वाळूच्या टेकड्यांसाठी सम आणि खुरी, दोन्ही चाळीसएक किलोमीटरवर; समला गर्दी आणि गोंगाट, खुरी शांत.

जोधपूर १४५९ चं, राव जोधाचं. मेहरानगडाच्या पायथ्याचे राणीसर आणि पदमसर तलाव आणि लाव्हाच्या खडकांतून फिरवणारं राव जोधा उद्यान पाहावं. बिकानेर १४८८ चं.

वाळूखाली बऱ्याच ठिकाणी जिप्समचा घट्ट थर असतो. त्याच्यावर गोडं पाणी अडतं आणि ‘बेरी’ नावाच्या अरुंद विहिरींतून ते काढतात. हाच थर उलटतोही. इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्याने काही शेतं पाणथळ झाली, आणि ऑगस्ट २००६ मध्ये बारमेरजवळच्या कवासला तीनचार दिवसांच्या पावसाचं पाणी महिनोन्‌महिने निचरलं नाही. कोकणात तेवढा पाऊस जुलैत सहज पडून खाडीला लागतो. थरमध्ये सहल ठरवताना कोरडे ओढे रिकामे समजू नयेत; ओढ्याच्या पात्रात तंबू टाकू नये.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. कोकणात मे महिन्याची सुटी असते, पण तेव्हा तिथे पारा ४५ च्या वर जातो. जानेवारीच्या रात्री उलट शून्याजवळ येतात, तेव्हा स्वेटर, कानटोपी हवीच. भूजल बहुतेक ठिकाणी मचूळ, म्हणून पिण्याचं पाणी शहरातून भरून घ्यावं. कोकण रेल्वेवरून बिकानेरला थेट जाणारी साप्ताहिक गाडी आहे. तिचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिथून जैसलमेर रस्त्याने साडेतीनशेच्या आत, आणि परतीला जोधपूर धरलं तर तेच तेच अंतर दोनदा कापावं लागत नाही.