बुलडॉगचे त्वचाविकार

बुलडॉगचे त्वचाविकार : इंग्लिश व फ्रेंच बुलडॉगांत वारंवार आढळणारे त्वचेचे आजार. चेहऱ्यावरच्या घड्यांचा दाह, यीस्ट (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) व जिवाणूंचा संसर्ग, पंजाच्या बेचक्यांतले फोड, हनुवटीवरचे पुरळ, शेपटीभोवतीच्या खळग्याचा दाह, ॲलर्जी, डेमोडेक्स या माइटचा (अतिसूक्ष्म परजीवीचा) उपद्रव आणि हंगामी केसगळती हे त्यांतले मुख्य होत. काही आजार शरीराच्या ठेवणीतून येतात, काहींचे मूळ आत असते. बऱ्याच कुत्र्यांत दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात आणि घोटाळा इथेच होतो. लाल झालेली घडी मालकाला दिसते, तिच्यामागची ॲलर्जी दिसत नाही. घडीला औषध लागते, आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते.

शरीराची ठेवण : बुलडॉग हा मुळात इंग्लंडमध्ये बैलाशी झुंजवण्यासाठी पाळलेला कुत्रा. 1835 साली ब्रिटनमध्ये कायद्याने या झुंजी बंद झाल्या आणि पुढे कुत्र्यांच्या प्रदर्शनांचा काळ आला. प्रदर्शनांत रुंद डोके, आखूड नाक आणि सुरकुतलेला चेहरा यांना मान मिळत गेला. पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना जबड्याचे हाड आखूड झाले, पण त्यावरची कातडी त्या मानाने कमी झाली नाही. उरलेली कातडी दुमडून नाकावर, डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला बसली. बैलाचे रक्त डोळ्यांत न जाता ओघळून जावे म्हणून या घड्या होत्या, असे चवीने सांगितले जाते. त्या काळच्या चित्रांतले बुलडॉग मात्र आजच्यापेक्षा उंच, सडपातळ आणि लांब तोंडाचे दिसतात. इतक्या खोल घड्या त्यांना नाहीत. कुत्र्यांच्या जातींची मानके ठरवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने 2009 मध्ये या जातीचे मानक बदलले, ते अतिरेकी घड्यांना आळा बसावा यासाठीच. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घडीच्या दाहाची शक्यता इंग्लिश बुलडॉगमध्ये इतर कुत्र्यांच्या तुलनेत सुमारे 38 पट आढळली. हा आकडा वाचल्यावर घड्यांना ‘जातीचे सौंदर्य’ म्हणणे अवघड जाते.

घड्यांचा दाह : नाकावरची घडी अंगठ्याने हळूच वर उचलली की आतले जग दिसते. त्वचा गुलाबी आणि ओलसर असते, तळाशी तपकिरी, चिकट मळ साचलेला असतो, त्यात डोळ्यांतून ओघळलेले पाणी, लाळ, तेल आणि कधी अन्नाचे कण मिसळलेले असतात. तिथे उजेड नाही, वारा नाही. कातडी कातडीवर सारखी घासते. यीस्ट आणि जिवाणूंना आणखी काय हवे? आधी लाली येते, मग कुबट वास, मग खाज. कुत्रा तोंड सोफ्याला, जमिनीला घासू लागतो. घासल्याने जखम होते, जखमेतून पू येतो. नाकावरची घडी फार मोठी असेल तर तिच्यावरचे केस डोळ्याच्या बुबुळाला टोचून तिथेही जखम करतात.

इथे खरा शत्रू ओल आहे. म्हणून निगेचा अर्धा भाग पुसण्यात आणि उरलेला अर्धा कोरडे करण्यात आहे, आणि घरोघरी चुकतो तो दुसरा भाग. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला मऊ कपडा किंवा पशुवैद्याने सांगितलेले क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे पुसणे बोटाला गुंडाळावे, घडी एका हाताने ताणून धरावी आणि तळापर्यंत एकाच दिशेने पुसावे. खसखसून घासू नये. मग कोरडा सुती कपडा तिथेच टेकवून ओल टिपून घ्यावी. बोट बाहेर काढल्यावर त्याला दमटपणा लागता कामा नये. निरोगी घडीला दिवसाआड पुरते, खोल घडीला रोज लागते आणि लाल झालेलीला पशुवैद्य सांगतील तसे. क्लोरहेक्सिडिन डोळ्यांत जाऊ देऊ नये, त्याने बुबुळाला इजा होते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट घडीत वापरू नये. ते जंतूंबरोबर नव्याने भरून येणारी कातडीही जाळतात. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहे. झिंक असलेली मलमे चाटली गेली तर घातक ठरतात, आणि बुलडॉगची जीभ नाकापर्यंत सहज पोचते. ओल्या घडीत पावडर भुरभुरली की तिचा लगदा होतो आणि घट्ट मलम चोपडले की ओल आतच कोंडते.

माणसांसाठीचे खाज-गजकर्णाचे मिश्र मलम हा नेहमीचा मोह. त्यातल्या स्टेरॉइडने दोन दिवसांत लाली उतरते, पण कातडी पातळ होत जाते आणि खालचा संसर्ग झाकला जातो. निगा नीट असूनही दाह थांबत नसेल तर घडीची कातडी शस्त्रक्रियेने काढता येते. छोट्या नाकाच्या कुत्र्यांना भूल देताना जास्त काळजी घ्यावी लागते, त्यामुळे हा निर्णय श्वासनलिकेची तपासणी करूनच घेतला जातो.

शेपटीचा खळगा : बुलडॉगची पिळवटलेली शेपटी मणक्यांच्या विकृत वाढीतून येते. डीव्हीएल2 या जनुकातील बदलाशी तिचा संबंध असल्याचे 2018 मध्ये दाखवले गेले. काही कुत्र्यांत शेपटी आत वळून खाली खोल खळगा तयार होतो. तो वरून दिसत नाही, बोट घालूनच सापडतो, म्हणून वर्षानुवर्षे कोणी पाहिलेलाच नसतो. कुत्रा ढुंगण जमिनीवर घासत चालतो आणि घरात जंतांची किंवा गुदग्रंथींची शंका घेतली जाते. चेहऱ्याच्या घडीसारखीच इथली निगा. शेपूट आत फारच रुतलेली असेल तर ती काढून टाकणे हाच टिकाऊ इलाज ठरतो.

यीस्ट : मॅलॅसेझिया पॅकिडर्मेटिस हे यीस्ट निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोड्या प्रमाणात राहते. ओल, तेल किंवा ॲलर्जी यांनी संतुलन बिघडले की ते बेसुमार वाढते. आंबूस, शिळ्या पिठासारखा वास, कानांत तपकिरी मळ, नखांच्या मुळाशी तांबूस डाग आणि जुन्या दुखण्यात काळी, जाड, हत्तीच्या कातडीसारखी त्वचा ही त्याची खूण. निदान सोपे आहे. पारदर्शक चिकटपट्टी त्वचेवर दाबून काढतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पावलाच्या ठशासारखे जांभळे ठिपके दिसतात ते यीस्ट.

प्रत्येकी 2 टक्के क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोल हे बुरशीनाशक असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरणे हा रुळलेला उपचार. फेस झाल्यावर तो 10 मिनिटे अंगावर राहू द्यावा लागतो. घड्याळ लावून बसावे, कारण अंदाजाने धरलेली 10 मिनिटे बहुधा 3 भरतात. माणसांचा शाम्पू चालत नाही. कुत्र्याची त्वचा माणसापेक्षा कमी आम्ल आणि पातळ असते. अंघोळीनंतर घड्या, काखा, जांघा आणि बोटांच्या बेचक्या टॉवेलने टिपाव्यात. ड्रायर लावायचाच तर थंड हवेवर, कारण गरम झोताने बुलडॉगला धाप लागून उष्माघात होऊ शकतो.

जिवाणूंचा संसर्ग : कुत्र्यांत पुवाळणारे त्वचारोग प्रामुख्याने स्टॅफिलोकॉकस स्यूडिंटरमीडियस या जिवाणूमुळे होतात. पोटावर पुळ्या येतात, फुटतात आणि भोवती सोललेल्या कातडीचे गोल कडे उरते. ते पाहून अनेक जण नायटा समजतात आणि बुरशीचे औषध लावत बसतात. वरवरचा संसर्ग केवळ जंतुनाशक शाम्पूने किंवा फवाऱ्याने बरा होऊ शकतो. प्रतिजैविके उठसूट दिल्याने औषधांना न जुमानणाऱ्या जातींची डोकेदुखी वाढली आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या कुत्र्याच्या पुवाचे कल्चर (जिवाणू वाढवून कोणते औषध लागू पडते ते पाहण्याची चाचणी) करूनच गोळी निवडावी, आणि फोड दिसेनासे झाले म्हणून ती मध्येच सोडू नये.

पंजाचे फोड : यांना बोलण्यात ‘सिस्ट’ म्हणतात, पण बहुतेक वेळा ते फुटलेल्या केसमुळांचे गळू असतात. बुलडॉगचे केस आखूड आणि ताठ. अंग जड, पंजे पसरट. चालताना भार गादीच्या बाहेर, केसाळ त्वचेवर पडतो. ताठ केस उलटा आत ढकलला जातो, मूळ फुटते आणि आतले केराटिन (केस ज्याचे बनतात ते प्रथिन) खोल त्वचेत सांडते. शरीर त्याला परकी वस्तू समजून भोवती दाह उभा करते, मग त्यात जिवाणू शिरतात. दोन बोटांच्या मध्ये वाटाण्याएवढा लालसर-जांभळा, चकचकीत गोळा दिसतो. कुत्रा तो चाटत राहतो, कधी लंगडतो. फुटून रक्ताळ पाणी आले की आराम वाटतो, पण शेजारी दुसरा उगवतो.

तो फोडण्याचा मोह टाळावा, कारण दाबल्याने केराटिन आणखी खोल पसरते. कोमट पाण्यात जंतुनाशक घालून पाय बुडवून ठेवणे, नीट कोरडे करणे, लागेल तेवढा काळ औषध देणे आणि वजन उतरवणे या सगळ्यांची एकत्र गरज असते. वजन ही बाब मालकांना ऐकायला आवडत नाही, पण पंजावर रोज पडणारा भार हलका केल्याशिवाय इथे फारसे हाती लागत नाही. चारही पंजे लाल असतील तर ॲलर्जी धरून चालावे. एकाच पंजावर एकच फोड असेल तर आत रुतलेले कुसळ किंवा गाठ शोधावी.

हनुवटीवरचे पुरळ हा त्याच प्रकाराचा सौम्य भाऊ, बहुधा तरुण कुत्र्यांत. तेही पिळू नये. ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकच्या वाडग्याऐवजी स्टीलचा घ्यावा, तो रोज घासावा आणि जेवणानंतर तोंड पुसावे.

ॲलर्जी : वरच्या जवळजवळ प्रत्येक विकारामागे ही दडलेली असू शकते. वातावरणातल्या घटकांची, म्हणजे धुळीतल्या माइट, परागकण, बुरशी यांची ॲलर्जी बहुधा 6 महिने ते 3 वर्षे या वयात सुरू होते. कान, चेहरा, पंजे, काखा आणि जांघा या तिच्या जागा. खाज शेपटीच्या मुळाशी आणि पाठीच्या मागच्या भागात असेल तर आधी पिसवांचा बंदोबस्त करावा; संवेदनशील कुत्र्याला मोजके चावेही पुरतात.

अन्नाची ॲलर्जी रक्ताच्या चाचणीने खात्रीने कळत नाही. त्यासाठी पूर्वी कधी न खाल्लेल्या प्रथिनाचा किंवा हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला) आहार किमान 8 आठवडे द्यावा लागतो आणि मग जुने अन्न पुन्हा देऊन खाज परतते का ते पाहावे लागते. या काळात एक बिस्किट किंवा चवीची गोळीही हिशेब बिघडवते. घरात कोणीतरी मायेने देतेच, म्हणून प्रयोग सुरू करण्याआधी सगळ्यांना बसवून सांगावे. धान्यमुक्त खाद्याचा गवगवा बराच आहे, पण दोष बहुतेकदा गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी यांसारख्या प्राणिज प्रथिनांत सापडतो.

वातावरणाची ॲलर्जी आयुष्यभराची असते, तरी आटोक्यात ठेवता येते. 2013 पासून वापरात आलेले ऑक्लासिटिनिब हे औषध खाज झपाट्याने उतरवते. लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन साधारण महिन्याने देतात. ते इंटरल्यूकिन-31 या खाजेच्या संदेशवाहकाला अडवते. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्तीला लगाम घालणारे औषध सावकाश काम करते. कुत्र्याला ज्याची ॲलर्जी आहे त्याच घटकाचे वाढते डोस देऊन शरीराला सवय लावण्याच्या उपचाराला अनेक महिने लागतात, पण मुळाशी हात घालणारा उपचार तोच.

डेमोडेक्स : डेमोडेक्स कॅनिस ही माइट पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळते आणि बहुतेक कुत्र्यांत निमूट राहते. प्रतिकारशक्ती कच्ची असलेल्या पिल्लांत ती वाढून डोळ्यांभोवती, ओठांपाशी, पुढच्या पायांवर टक्कल पडते. एक-दोन चट्टे बहुधा आपोआप भरतात. अंगभर पसरलेल्या आजारात त्वचा किंचित रक्त येईपर्यंत खरवडून माइट पाहतात आणि फ्ल्युरालेनर, अफोक्सोलेनर यांसारखी औषधे देतात. कुत्र्याला फिट येत असेल तर ही औषधे देण्याआधी ते डॉक्टरांना सांगावे. महिन्याच्या अंतराने दोन वेळा खरवड स्वच्छ येईपर्यंत उपचार चालू ठेवतात. स्टेरॉइडने हा आजार भडकतो. पिल्लूपणी अंगभर डेमोडेक्स झालेल्या कुत्र्याची पैदास करू नये. ही खरूज माणसांना लागत नाही. सारकॉप्टिस या दुसऱ्या माइटची खरूज मात्र लागते, आणि कुत्र्याबरोबर घरातली माणसेही खाजवू लागली की तिचाच संशय घ्यावा.

केसगळती व गाठी : दिवस लहान होऊ लागले की काही बुलडॉगांच्या दोन्ही कुशींवर सारख्या आकाराची टकले पडतात, त्वचा काळवंडते, खाज मात्र नसते. काही महिन्यांत केस परत येतात. कधी मेलाटोनिन हे संप्रेरक देतात. निळसर रंगाच्या फ्रेंच बुलडॉगांत केसातल्या रंगद्रव्याच्या दोषामुळे होणारी विरळता कायमची असते.

त्वचेतली प्रत्येक नवी गाठ तपासून घ्यावी, कारण मास्ट पेशींचा (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींचा) अर्बुद, म्हणजे कर्करोगाची गाठ, बुलडॉगांत बऱ्यापैकी आढळतो आणि तो साध्या चरबीच्या गाठीसारखा, अगदी पुळीसारखाही दिसू शकतो. बारीक सुईने पेशी ओढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला काही मिनिटे लागतात, भूल बहुधा लागत नाही. तोवर ती गाठ दाबू-चोळू नये. या पेशींत हिस्टामिन हे सूज आणणारे रसायन साठलेले असते आणि डिवचल्यावर गाठ तासाभरात लाल होऊन सुजते.