गालावरची लाली सोन्याची

इटालियन चित्रकार राफाएलची मूळ ‘सिस्टिन मॅडोना’, म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी, पाहायची तर जर्मनीतल्या ड्रेस्डेनला जावं लागतं. पण एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सधन घरांच्या दिवाणखान्यात तीच मॅडोना चिनीमातीच्या पाटीवर रंगवलेली दिसे. या पाट्यांना निव्वळ नक्कल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पॅरिसजवळच्या सेव्र या चिनीमातीच्या कारखान्याचे १८०० पासून १८४७ पर्यंतचे संचालक अलेक्झांद्र ब्रोंन्यार हे भूवैज्ञानिक. तैलचित्रं पिवळी पडतात, तडकतात. चिनीमातीवरची प्रत मात्र टिकेल, हा त्यांचा विश्वास. त्यांच्याच काळात मारी-व्हिक्त्वार जाकोतो या चित्रकर्तीने तिथे राफाएलची चित्रं चिनीमातीवर उतरवली.

हे रंग टिकतात, कारण ते मुळात रंगीत काच असतात. धातूंची ऑक्साइडं शिसंयुक्त काचेच्या पुडीत खलून तेलात कालवायची आणि झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, दिलेल्या पाटीवर लावायची. आपल्या मीनाकारीचंच हे भावंड. पाटी आधी सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते. रंगांना ७०० ते ८५० अंश पुरतात. तेवढ्यात पूड वितळून झिलईला घट्ट धरते. कोबाल्ट निळा देतो, क्रोमियम हिरवा, लोह विटकरी.

आणि मॅडोनाच्या गालावरची नाजूक गुलाबी छटा? ती सोन्याची! सोन्याचे अतिसूक्ष्म कण हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून डोळ्यांना लालसर रंग दिसतो. ‘कॅसियसचा जांभळा’ या नावाने सतराव्या शतकापासून ओळखल्या जाणाऱ्या या रंगाचं गूढ उकलण्यात रिचर्ड झिग्मोंडी यांचा मोठा वाटा आहे. कलिलांवरच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कण तरंगत राहिलेल्या मिश्रणांवरच्या, संशोधनासाठी त्यांना १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

चित्रकाराची खरी कसोटी इथेच लागे. लावताना हा रंग मळकट दिसतो, गुलाबी होतो तो भट्टीत. आच कमी पडली तर तो विटकरी-पिवळट राहतो, जास्त झाली तर जांभळ्याकडे झुकतो. उलट लोहाचा लाल जास्त आचेला उडूनच जातो. म्हणून थोडं रंगवायचं, भाजायचं, पुन्हा रंगवायचं. दर खेपेला पाटी तडकण्याची धास्ती.

बर्लिनच्या केपीएम या शाही चिनीमाती कारखान्याच्या पाट्यांना मोठा मान आहे. मागे राजदंड आणि ‘केपीएम’ ही अक्षरं दाबून उमटवलेली असतात. मात्र हा शिक्का पाटीचा, चित्राचा नव्हे. कित्येक कोऱ्या पाट्या बाहेरचे चित्रकार विकत घेऊन रंगवत. चित्र हाताचं की छापील, हे भिंगातून पाहावं. छापील असेल तर एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसते. हाताचं असेल तर गालाच्या कडेला कुंचल्याच्या टोकाचे बारीक, लहानमोठे स्पर्श एकमेकांत मिसळत गेलेले दिसतात.