लेख मिटा, मग सारांश लिहा

महाविद्यालयाच्या लेखनवर्गात विज्ञानलेखाचा सारांश लिहायला सांगितला, की बहुतेकांचे हात आधी हायलायटरकडे जातात. पान पिवळं होतं, पिवळ्या ओळी वहीत उतरतात, दोन-चार शब्द बदलतात आणि सारांश तयार होतो. मजकूर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर गेला खरा, पण डोक्यातून जायची त्याला गरजच पडली नाही.

‘मी लेख तीनदा वाचलाय, सगळं समजलंय,’ असं विद्यार्थी अगदी मनापासून सांगतात. गल्लत इथेच होते. तिसऱ्या वाचनात डोळे सरसर पुढे जातात, वाक्यं ओळखीची वाटतात आणि त्या ओळखीलाच आपण समज मानतो. पण समोर असलेली गोष्ट ओळखणं वेगळं आणि समोर नसलेली आठवणं वेगळं.

रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हा फरक मोजून दाखवला. विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री पाणमांजर यांच्यावरचे छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला; दुसरा मिटून, आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला: ८१ टक्के, तर दुसरा ७५. आठवडा उलटल्यावर मात्र पारडं फिरलं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६. आणि लिहिताना काय चुकलं, हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं!

असं का होत असावं? आठवण म्हणजे कपाटातून फाइल काढणं नव्हे. एखाद्या अनुभवाच्या वेळी मेंदूच्या बाह्यपटलात जागोजागी चेतापेशी एकत्र पेटतात आणि हिप्पोकॅम्पस हा भाग त्यांची सांगड घालून ठेवतो. त्याच्या सीए-३ नावाच्या पट्ट्यातल्या पेशी एकमेकींशी दाट जोडलेल्या असतात. त्यामुळे नुसता धागा मिळाला, ‘पाणमांजर’ एवढा एक शब्द, तरी सगळी आकृती पुन्हा उभी राहू शकते. वाचताना ही आकृती कागदच पुरवतो. आठवताना ती आपल्याला रचावी लागते, आणि त्या खटपटीत तिच्याकडे जाणारे धागे वाढतात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला ते फार सुंदर वाटतं.

इथे एका लाडक्या समजुतीचा समाचार घ्यायलाच हवा. ‘मी बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी’ अशी विभागणी करून शिकवल्यास जास्त शिकता येतं, याला भक्कम पुरावा नाही. तरी त्यावर कार्यशाळा भरतात, पुस्तकं खपतात.

तर लेख वाचावा, मिटावा आणि चार प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहावीत: संशोधकांना काय जाणून घ्यायचं होतं, त्यांनी काय केलं, काय आढळलं, त्यांना स्वतःला किती खात्री आहे? मग लेख उघडून ताडून पाहावं. चौथ्या उत्तरात हमखास घसरण सापडते. ‘संबंध आढळला’चं ‘कारण सापडलं’ झालेलं असतं, ‘शक्यता दिसते’चं ‘सिद्ध झालं’. आणि मूळ लेखातला ‘उंदरांमध्ये’ हा एक शब्द गळाला, की उंदरांवर चाललेलं औषध सारांशात माणसांना बरं करू लागतं.