फ्लो कंट्रोल की कंजेशन कंट्रोल: वेग नेमका कशाने अडतोय?

अंधेरीतल्या एखाद्या पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओतून लंडनच्या सर्व्हरवर फुटेज चाललंय. लाइन १ गिगाबिटची, पण वेग २०० मेगाबिटच्या वर जाईना. अशा वेळी सगळे सर्रास ‘कंजेशन आहे’, म्हणजे वाटेत गर्दी आहे, म्हणतात आणि मोठी लाइन घ्यायला निघतात. बऱ्याचदा कंजेशनचा इथे काही संबंधच नसतो.

टीसीपीत, म्हणजे इंटरनेटवर डेटा खात्रीने पोचवायच्या पद्धतीत, पाठवणाऱ्याला दोन मर्यादा असतात आणि त्यातली लहान असेल ती लागू होते. या मर्यादेला ‘विंडो’ म्हणतात: पोचपावती यायच्या आधी वाटेत किती डेटा सोडता येईल तो आकडा. पहिली रिसीव्ह विंडो, म्हणजे फ्लो कंट्रोल: ‘माझ्या बफरमध्ये (आलेला डेटा तात्पुरता ठेवायच्या मेमरीत) एवढीच जागा आहे’ हे घेणारा प्रत्येक पोचपावतीत कळवतो. दुसरी कंजेशन विंडो. हा आकडा कोणी कळवत नाही. वाटेतल्या राउटरांची अवस्था पाठवणारा हरवलेल्या पॅकेटांवरून किंवा वाढलेल्या विलंबावरून ताडतो. एक निरोप, दुसरा अंदाज. बाहेरून मात्र दोन्हींचं लक्षण एकच: वेग कमी.

आता हिशेब. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन सरळ अंतर ७,२०० किलोमीटर धरलं तरी जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद लागतातच; समुद्री केबलचा वळसा आणि वाटेतली उपकरणं धरून १२० म्हणू. लाइन पूर्ण भरायची तर १ गिगाबिट गुणिले ०.१२ सेकंद, म्हणजे १५ मेगाबाइट डेटा सतत वाटेत हवा. लिनक्समध्ये ‘टीसीपी-आरमेम’ची, म्हणजे घेणाऱ्याच्या बफरची, कमाल सहसा ६ मेगाबाइट असते आणि त्यातली साधारण निम्मीच विंडो म्हणून मिळते. ३ मेगाबाइट भागिले ०.१२ सेकंद: झाले २००-२१० मेगाबिट. लाइन दुप्पट केलीत तरी आकडा हलणार नाही. लंडनकडची ही कमाल ३२ मेगाबाइट करा, अंधेरीकडची ‘टीसीपी-डब्ल्यूमेम’ (पाठवणाऱ्याचा बफर) हीही वाढवा.

टीसीपीच्या मूळ हेडरमध्ये, म्हणजे पॅकेटावरच्या माहितीत, विंडोला १६ बिटच आहेत, म्हणजे कमाल ६५,५३५ बाइट. १९९२ मध्ये हा आकडा पटीने वाढवणारं विंडो स्केलिंग आलं, पण ते जोडणी सुरू करणाऱ्या पहिल्या ‘सिन’ पॅकेटांतच ठरतं. मधल्या एखाद्या जुन्या फायरवॉलने तो पर्याय पुसला, की याच लाइनवर साडेचार मेगाबिटही मिळत नाहीत. ही चूक शोधायला भले भले दमतात.

निदान पाठवणाऱ्या मशीनवर लिनक्सच्या ‘एसएस -टीआय’ या कमांडने करा. ‘आरडब्ल्यूएनडी-लिमिटेड’चा टक्का मोठा असेल तर घेणारा कमी पडतोय, ‘सेंडबफ-लिमिटेड’ असेल तर आपलाच बफर. दोन्ही नाहीत आणि ‘रीट्रान्स’ (पुन्हा पाठवलेली पॅकेटं) वाढतंय, तर दोष मधल्या वाटेत शोधा: तिथे बफर वाढवून काहीही होत नाही. कंजेशन कंट्रोलच्या जुन्या रेनो पद्धतीत एक पॅकेट हरवलं की विंडो निम्मी होते आणि प्रत्येक फेरीत एकाच पॅकेटने वाढते. १५ मेगाबाइट म्हणजे सुमारे १०,००० पॅकेट. विंडोतून कमी झालेली ५,००० भरून यायला ६०० सेकंद. क्युबिक आणि बीबीआर या नव्या पद्धती याच दुखण्यावर निघाल्या.

व्हिडिओ कॉलचं गणित निराळं. आवाज-चित्र वाहणारं आरटीपी हे टीसीपीऐवजी पोचपावती न मागणाऱ्या यूडीपीवर चालतं, तिथे रिसीव्ह विंडो नाही आणि तिची गरजही फारशी नाही. कॅमेरा फ्रेम ठरल्या गतीनेच देतो. कंजेशन कंट्रोल मात्र हवंच. वाट तुंबल्यावर एन्कोडरने (व्हिडिओ आकसणाऱ्या भागाने) बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, उतरवला नाही तर २० मेगाबिटच्या अपलिंकवर राउटरचा १ मेगाबाइटचा बफर भरतो आणि त्यामागचं प्रत्येक पॅकेट ४०० मिलिसेकंद तुंबतं. बोलण्यासाठी एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब चांगला मानतात, त्यामुळे त्याच ऑफिसातला साधा व्हॉइस कॉलही बिघडतो.