सोशल मीडियावरून निधी उभारणाऱ्या स्टार्टअपचं सल्लागार मंडळ: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कुठे लागतो, कुठे नाही

‘सल्लागार मंडळाचा फॉर्म कुठला?’ हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी आमच्या चिपळूणच्या ऑफिसात येतो. विचारणारा बहुतेक पंचविशीतला असतो. इंजिनिअरिंग मुंबईत किंवा पुण्यात केलेलं, घर दापोली, गुहागर नाहीतर देवगडकडचं. कल्पनाही साधारण एकच: शाळेचं उडालेलं छप्पर, वाडीतल्या कुणाचं ऑपरेशन, वादळात फुटलेली होडी यांसाठी फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवरून पैसे उभे करायचे. कंपनी नोंदवून झालेली असते. आता वेबसाइटवर ‘आमचे सल्लागार’ असं पान हवं असतं आणि त्यावर एक डॉक्टर, एक निवृत्त बँक मॅनेजर, एक कुवेतचे उद्योजक.

फॉर्म नाहीच, हे ऐकून तो जरा हिरमुसतो.

कंपनी कायदा २०१३ मध्ये संचालक मंडळ आहे, पण सल्लागार मंडळाची तरतूद नाही. एमसीए (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर त्याचा अर्ज नाही, शुल्क नाही, नोंदणी क्रमांक नाही. संचालकाचं तसं नसतं. त्याला डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) लागतो, डिजिटल सही लागते, डीआयआर-२ या फॉर्ममध्ये संमती द्यावी लागते आणि नेमणूक झाल्यापासून ३० दिवसांत डीआयआर-१२ हा फॉर्म भरावा लागतो. शिमग्याला पालखी खांद्यावर घेऊन नाचवणारे वेगळे आणि सहाणेवर (पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर) बसून ‘जरा डावीकडे घ्या’ सांगणारे वेगळे, एवढाच हा फरक. पालखी पडली तर जाब खांदेकऱ्यांना विचारतात.

निदान सांगणाऱ्यांचा समज तसा असतो. कायद्यात मात्र एक बारीक खोच आहे. ‘कसूरदार अधिकारी’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या कलम २(६०) मध्ये आहे. ज्याच्या सल्ल्याप्रमाणे किंवा सूचनेप्रमाणे संचालक मंडळ नेहमी वागतं, असा माणूसही तिच्यात येतो. व्यावसायिक नात्याने सल्ला देणारे, म्हणजे वकील, सीए वगैरे, तेवढे वगळलेत. म्हणून फॉर्म नसला तरी कागद हवेत, आणि ते आपले आपणच नीट करायचे.

हे सगळ्यात आधी दिसतं ते बैठकीच्या इतिवृत्तात. माझ्यासमोर आलेल्या एका वहीत वाक्य होतं, ‘सल्लागार मंडळाने ठरवल्याप्रमाणे मोहीम मंजूर.’ या एका ओळीने चार सज्जन माणसं नसत्या जबाबदारीत ओढली गेली. तिथे हवं होतं: ‘सल्लागारांचा अभिप्राय वाचण्यात आला. चर्चेअंती संचालकांनी मोहीम मंजूर केली.’ काम तेच, पण निर्णय कुणाचा ते स्पष्ट.

कोण होऊ शकतो

कायद्याने पात्रताच ठरवलेली नाही, त्यामुळे वय, शिक्षण, अनुभव अशी कुठलीही अट नाही. अडचण येते ती माणूस आधी जिथे काम करतो तिथून. कोकणात सल्लागार म्हणून पहिलं नाव सुचतं ते गुरुजींचं. त्यानंतर ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर, ग्रामसेवक, तलाठी. हे सगळे सेवेत असतील तर परवानगीशिवाय नाव छापायचं नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. खाजगी धंद्यात भाग घेणं आणि वर्गणी मागणं, या दोन्हींना त्यांत पूर्वपरवानगी लागते. मानधन घेत नाही म्हटलं तरी कंपनी नफ्यासाठीच काढलेली आहे, हे विसरू नका.

एका गुरुजींचा फोटो असाच वेबसाइटवर चढला. त्यांनी कशावरही सही केलेली नव्हती, फक्त फोनवर ‘चांगलं काम करताय हो पोरांनो’ म्हणाले होते. कुणीतरी वरच्या कार्यालयात तक्रार केली आणि त्यांना खुलासा मागणारं पत्र आलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. खुलासा स्वीकारला गेला, पण त्या सहा आठवड्यांत माणूस निम्मा झाला.

तेव्हा सेवेतल्या माणसाने आपल्या वरिष्ठांमार्फत लेखी अर्ज करावा. त्यात कंपनीचं नाव, कामाचं स्वरूप, मानधन असेल तर किती, कार्यालयीन वेळेबाहेर महिन्याला किती तास, हे सगळं लिहावं. लेखी मंजुरी हातात आल्यावरच नेमणूक. बँकेत किंवा खाजगी कंपनीत असलेल्यांनीही मालकाचं ना हरकत पत्र आणावं. निवृत्तांना यातलं बहुधा काही आड येत नाही, त्यांना आधी विचारा.

माझं मत विचाराल तर तीन माणसं पुरेत. एक हिशोब कळणारा. एक हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक वाचून ‘यात खोलीभाडं दोनदा धरलंय’ असं सांगू शकणारा डॉक्टर. आणि एक त्या भागातला असा, की अमुक वाडीत खरंच छप्पर उडालं का, हे दोन फोनमध्ये शोधून काढेल. नऊ-नऊ फोटो लावणं म्हणजे लग्नपत्रिकेवरचे प्रेषक.

कागदपत्रं

सुरुवात संचालक मंडळाच्या ठरावाने करायची: मंडळ स्थापन करत आहोत, सदस्य इतके, मुदत एक वर्ष. ठरावाला जोडून दोन पानी नियमावली असावी. तिच्यात सल्ला संचालकांवर बंधनकारक नाही, सल्लागार कंपनीच्या वतीने सही करणार नाही, पैसे स्वीकारणार नाही आणि स्वतःचा क्यूआर कोड कुठेही टाकणार नाही, हे स्पष्ट शब्दांत हवं. शेवटचं कलम मी आग्रहाने घालतो. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, चिपळूण २२ जुलै २०२१ ला बुडालं. दोन्ही वेळा ज्याच्या त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड फिरत होते. पैसे कुणाच्या खात्यात गेले, हे सांगायला कुणी नव्हतं.

त्यानंतर प्रत्येकाचं नेमणूकपत्र किंवा करार. शंभराच्या मुद्रांकावर भागायचे ते दिवस गेले. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा बऱ्याच दस्तांना किमान ५०० रुपये मुद्रांक लागतो. सोबत पॅनची प्रत, पत्त्याचा पुरावा (आधार दिल्यास पहिले आठ आकडे झाकलेलं), थोडक्यात परिचय, आणि नाव व फोटो वापरायला लेखी संमती. ही संमती वेगळ्या कागदावर घ्या, म्हणजे ती वेगळी मागेही घेता येते. हितसंबंधांचं निवेदनही घ्या. आपल्याकडे एकच माणूस देवस्थानचा विश्वस्त, शाळा समितीवर आणि मच्छीमार सोसायटीचा संचालक असतो. त्याच्याच संस्थेसाठी मोहीम आली तर त्या विषयावर त्याने मत देऊ नये.

रुग्णांची कागदपत्रं सल्लागारांपुढे जाणार असतील तर गोपनीयतेचा करार लागेल. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. रुग्णाचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून ‘डॉक्टर, जरा बघा’ असं करायचं नाही.

मानधन दिलं आणि ते व्यावसायिक शुल्क ठरलं, तर वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. पण नव्या स्टार्टअपकडे मानधनाला पैसे कुठले? मग ‘तुम्हाला एक टक्का देऊ’ असं बोलणं होतं, आणि पुढची भांडणं तिथून सुरू होतात. ईसॉप ही कंपनीचे शेअर देण्याची योजना कर्मचाऱ्यांसाठी आहे, बाहेरच्या सल्लागाराला ती देता येत नाही. त्याला शेअर द्यायचे तर कलम ४२ आणि ६२ प्रमाणे खाजगी वाटप करावं लागेल. म्हणजे विशेष ठराव, नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल, बँकेतून आलेले पैसे आणि वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा वाटपाचा फॉर्म. एवढं करायची तयारी नसेल तर एक टक्क्याचा शब्द तोंडातून काढू नये.

अर्ज खरोखर लागतो तो इथे

स्टार्टअप इंडियाची मान्यता डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या उद्योग विभागाकडून मिळते. अर्ज ऑनलाइन, शुल्क नाही. २०१९ च्या अधिसूचनेने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आणि नोंदणीकृत भागीदारी यांना पात्र धरलं. स्थापनेपासून १० वर्षांच्या आत आणि उलाढाल १०० कोटींच्या आत, अशा अटी ठेवल्या. मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना पोर्टलवरचा आकडा पाहून घ्या. कागद मोजकेच: स्थापनेचं प्रमाणपत्र, अधिकारपत्र, आणि आपल्या कामात नवं काय आहे ते सांगणारी टिपणी. सल्लागारांची यादी हा पात्रतेचा निकष नाही. टिपणीत ‘ॲपवरून देणगी’ एवढंच लिहू नका, तसे ॲप पुष्कळ आहेत. खर्चाची पडताळणी तुम्ही कशी करता, ते लिहा.

मान्यता मिळाली म्हणजे पैसे गोळा करून स्वतःच्या खात्यात ठेवायला मोकळे झालात, असं नाही. लोकांचे पैसे जमा करून पुढे देणाऱ्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि अर्जाच्या वेळीच १५ कोटींचं निव्वळ मूल्य लागतं. आपल्यासारख्याने अधिकृत अ‍ॅग्रिगेटरशी करार करावा, हेच बरं.

देणगीदार पहिलं विचारतो ते ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं. आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून नवा आला, कलमांचे आकडे बदलले, बोलण्यात अजून ८०जीच आहे. ही सवलत तुमच्या कंपनीला दिलेल्या पैशावर मिळत नाही. ज्या न्यासाला (ट्रस्टला) तशी मान्यता आहे, त्याच्या नावाने पावती झाली तरच मिळते, आणि रोखीने २,००० रुपयांपर्यंतच. मोहीम मंजूर करण्याआधी न्यासाचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन आणि ८०जीचा आदेश मागवून घ्या.

आणि वाडीचं मंडळ नोंदवलेलंच नसेल तर? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाकडून वर्गणीची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात ती हीच. सदस्यांचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, जागामालकाचं ना हरकत पत्र, लोकप्रतिनिधीची शिफारस, आणि आधी परवानगी घेतली असेल तर ती प्रत आणि त्या वर्षाचे हिशोब. मुंबईकर मंडळींना वाटतं, गावच्या कामाला कसली परवानगी! हिशोब मागितले की मग धावपळ.

आखाताचा मुद्दा आपल्याकडे टाळून चालत नाही. खेड, मंडणगड, श्रीवर्धनकडची किती घरं कुवेत-दुबईच्या पगारावर उभी आहेत. तिथल्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गे न्यासाला पैसे पाठवले तर ते विदेशी अंशदान धरत नाहीत. पण त्याच्याच चुलतभावाने ब्रिटिश किंवा दक्षिण आफ्रिकेच्या पासपोर्टवर पाठवले तर धरतात, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं) असलं तरीही. त्याला न्यासाची एफसीआरए (विदेशी अंशदानाचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. पैसे यायचे ते फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात. म्हणून देणगीच्या पानावर नागरिकत्वाचा रकाना सक्तीचा ठेवा. कुवेतचे सल्लागार नुसता सल्ला देणार असतील तर त्याचा याच्याशी संबंध नाही, पैसे पाठवताना पासपोर्ट कुठला ते मात्र पाहायचं.

सल्लागारांना बजावायची अजून एक गोष्ट. देणगीचं आवाहन वेगळं आणि ‘आमच्या कंपनीत पैसे गुंतवा’ वेगळं. खाजगी वाटपाचा देकार एका आर्थिक वर्षात २०० जणांपलीकडे देता येत नाही, आणि त्याची जाहीर जाहिरातही करता येत नाही. ऑनलाइन मंचांवरून असं भांडवल उभारण्याबद्दल सेबीने ऑगस्ट २०१६ मध्येच गुंतवणूकदारांना सावध केलं होतं. उत्साही सल्लागाराने गावच्या ग्रुपवर टाकलेला एक मेसेजही अंगाशी येऊ शकतो. मोहिमेची पोस्ट त्याने जरूर टाकावी, पण ‘मी या कंपनीचा सल्लागार आहे’ हे त्याच पोस्टमध्ये लिहावं.

सल्लागार बाहेर पडतो तेव्हाही कुठला फॉर्म नसतो. राजीनामापत्र आलं की पोच द्यायची, संचालकांच्या पुढच्या बैठकीत नोंद घ्यायची आणि फोटो त्याच दिवशी उतरवायचा. ब्रोशरची जुनी पीडीएफ ग्रुपवर फिरत राहते, ती परत आणता येत नाही, म्हणून प्रत्येक ब्रोशरवर सल्लागारांच्या नावांखाली तारीख छापलेली असू द्या.