कात्री, फोटो आणि बावीस नंबर

जेवणाचं टेबल पुसून त्यावर आई फोटो आणि कात्री घेऊन बसली, की पोरं चिडवायची, ‘आई कागदी बाहुल्या कापतेय!’ आई म्हणजे शिकागो विद्यापीठातल्या डॉक्टर जॅनेट राउली. कापत होत्या ती ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशींमधली गुणसूत्रं.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (सीएमएल) या कॅन्सरमध्ये एक गुणसूत्र आखूड दिसतं, हे 1960 मध्ये पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी फिलाडेल्फियात दाखवलं होतं. उरलेला तुकडा नष्ट झाला असणार, असंच बहुतेकांना वाटे. राउलींच्या हाती मात्र नवं तंत्र होतं. क्विनॅक्रिन या रंगाने गुणसूत्रांवर चमकते पट्टे उमटतात आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी असते. कापलेले फोटो जोडीने लावताना त्यांना दिसलं, की 22 नंबरचं गुणसूत्र आखूड आहे आणि 9 नंबरचं जरा जास्तच लांब! तुकडा हरवला नव्हता, जागा बदलून बसला होता. हे 1973 मध्ये प्रसिद्ध झालं. गुणसूत्रांची मोडतोड हा कॅन्सरचा परिणाम असतो, कारण नव्हे, असं मानणारे तेव्हा बरेच होते. त्यांना पटायला वेळ लागला.

पुढे कळलं, की या अदलाबदलीत 9 वरचं एबीएल आणि 22 वरचं बीसीआर ही दोन जनुकं एकमेकांना चिकटतात. एबीएल ज्या एन्झाइमचा आराखडा आहे ते एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनांना लावतं. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगण्याची ही एक रीत. एरवी त्याला लगाम असतो. जोडजनुकातून तयार झालेलं एन्झाइम मात्र थांबतच नाही.

मग एन्झाइममध्ये एटीपी बसतं त्या जागेतच बूच मारलं तर? इमॅटिनिब हे औषध नेमकं तेच करतं. ओरेगनमधले डॉक्टर ब्रायन ड्रकर यांनी 1998 मध्ये रुग्णांवर चाचण्या सुरू केल्या. इंटरफेरॉन या आधीच्या औषधाचा उपयोग न झालेल्या, आणि रोज 300 मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेतलेल्या 54 जणांपैकी 53 जणांचं रक्तातल्या पेशींचं प्रमाण पूर्ववत झालं. तेही गोळीने! 2001 मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

काही रुग्णांत मात्र एन्झाइमच्या 315व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या साखळीतल्या एका दुव्याऐवजी) आयसोल्युसिन हे दुसरं येतं. बदल एवढासाच, पण इमॅटिनिब तिथे बसेनासं होतं. त्या जागेला चुकवून बसणारं पोनॅटिनिब मग वेगळं तयार करावं लागलं.