गोळी कशाची, हे रुग्णाला कधी कळू लागलं?

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग (तोंडाने की सुईने), योग्य वेळ. हे पाच नियम प्रत्येक नर्सला तोंडपाठ असतात. पण ते सगळे औषध देणाऱ्यासाठी आहेत. डिस्चार्ज मिळाला की देणारा आणि घेणारा एकच माणूस होतो, आणि बहुतेकदा त्याला यातलं काहीच कुणी शिकवलेलं नसतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तर ते शिकवण्याची गरजही फारशी कुणाला वाटत नव्हती. अमेरिकेत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाच्या बाटलीवर अनेकदा औषधाचं नावही नसे. तिथे 1937 मध्ये सल्फानिलामाइडच्या पातळ औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक वापरलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. त्यातून औषधांच्या सुरक्षिततेचा 1938 चा कायदा आला. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मल्यावर 1962 मध्ये तो आणखी कडक झाला. दोन्ही वेळा लगाम बसला तो औषध कंपन्यांना. घरी गोळी घेणाऱ्याच्या हाती फारसं काही आलं नाही.

माझ्या मते खरं वळण 1970 चं आहे. गर्भनिरोधक गोळ्यांच्या दुष्परिणामांवर अमेरिकन सिनेटमध्ये गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे सुनावणी सुरू होती. या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, याची चर्चा डॉक्टर आणि शास्त्रज्ञ करत होते. गोळी घेणाऱ्या बायकांना मात्र साक्षीला बोलावलंच नव्हतं. तेव्हा श्रोत्यांमधल्या तरुणी उभ्या राहिल्या आणि आम्हाला हे आधी का सांगितलं नाही, असं त्यांनी भर सभागृहात विचारलं. त्याच वर्षी गोळ्यांच्या पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालणं सक्तीचं झालं. मूळ मसुदा विरोधामुळे बराच कापला गेला, तरी औषधाचा धोका थेट घेणाऱ्याला सांगायचा, हे तत्त्व मान्य झालं.

पण बारीक अक्षरातला कागद आजारी माणूस वाचतोच असं नाही. विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे जेमतेम निम्मे रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्ये नोंदवलं. 2017 मध्ये तिने औषधांमुळे होणारा टाळता येण्याजोगा गंभीर अपाय पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची जागतिक मोहीम सुरू केली, आणि त्यात रुग्णालाही सामील करून घेतलं.

रुग्णाला शिकवण्याचं हे काम प्रत्यक्षात होतं ते नर्सच्या पाच-दहा मिनिटांत. औषध कशासाठी आहे, डोस चुकला तर काय करायचं, कोणतं लक्षण दिसताच दवाखाना गाठायचा. तापाच्या आणि सर्दीच्या गोळीत, नावं वेगळी असली तरी, दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं आणि जास्त झालं तर यकृताला इजा होते, हे तर आवर्जून सांगायला हवं. बाळाचं पातळ औषध घरातल्या चमच्याने नाही, सोबतच्या मापानेच द्यायचं. आणि शेवटी "समजलं ना?" असं विचारू नये, त्याला सगळेच मान डोलावतात. "घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, मला सांगा बरं," असं विचारलं की रुग्ण कुठे अडखळतो ते लगेच कळतं, आणि तेवढाच भाग पुन्हा समजावता येतो.